रबर लपव आणि त्याच्या शेजारी बस

पत्र

नमस्कार बाई,
मी खानापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत जातो. आधी भिंत, फरशी, पाटी, दिसेल तिथं चित्रं काढायचा. नवीन रंग दिलेल्या भिंतीवर काढलं म्हणून आम्ही ओरडलो आणि मग बेळगावात शनिवारच्या ड्रॉइंग क्लासला घातलं. तिथं सर फळ्यावर काढतात, मुलं बघून काढतात, चुकलं की सर स्वतः खोडून नीट करून देतात. आता घरी काढ म्हटलं की "मला येत नाही, तू काढून दे" म्हणतो, नाहीतर मोबाईलवर बघून कार्टून काढतो आणि कागद फाटेपर्यंत रबर घासत बसतो. त्यात गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई गेल्या. तो त्यांच्याजवळच झोपायचा. तेव्हापासून चित्र काढलं की वरून काळ्या रंगानं भरून टाकतो. शेजारची एकजण म्हणाली काळा रंग म्हणजे डिप्रेशन, मला भीती वाटायला लागलीय. सासरे म्हणतात ड्रॉइंगनं पोट भरत नाही, गणिताची ट्यूशन लावा. क्लासवाले म्हणतात आत्तापासून हात बसला तर पुढं चित्रकलेच्या लोअर ग्रेड परीक्षेला सोपं जाईल. मला स्वतःला चित्र अजिबात येत नाही. काय करू? मी तुमच्यापेक्षा खूप लहान आहे, अगंतूगं केलंत तरी चालेल.
एक आई

उत्तर

अगं, तुला चित्र अजिबात येत नाही हे वाचून मला बरं वाटलं. खरंच. चित्र येणारी आई असली की तिचे हात शिवशिवतात, पोरानं हत्ती काढला की सोंड अशी नाही अशी म्हणत ती पेन्सिल हातात घेतेच, आणि तुझ्या पोराला आत्ता तेवढंच नकोय. त्याच्या शेजारी बसून आपलं आपलं वेडंवाकडं काढणारं कोणीतरी त्याला पाहिजे. ते तुला जमेल की.

सात वर्षांचं पोरगं समोर दिसतंय ते काढत नाही गं, त्याला जे माहीत आहे आणि ज्याचं त्याला काहीतरी वाटतंय ते काढतं. म्हणून घराला भिंत असूनसुद्धा आतली चूल, मांजर, झोपलेला बाबा सगळं दिसतं. म्हणून आई घरापेक्षा उंच असते आणि न आवडणारा मामा कोपऱ्यात मुंगीएवढा. ताट वरून बघितल्यासारखं गोल आणि जेवणारी माणसं समोरून, एकाच चित्रात. आपल्याला ती चूक वाटते आणि आपण सुधारायला जातो. व्हिक्टर लोवेनफेल्ड म्हणून एक शिक्षक होते, मूळ ऑस्ट्रियाचे, व्हिएन्नात अंध मुलांना मातीकाम शिकवायचे, पुढं अमेरिकेत गेले, त्यांनी 1940 च्या दशकात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले ते कलाशिक्षणातले लोक अजून आधाराला घेतात. दोन ते चार वर्षं नुसत्या रेघोट्या. मग चारच्या आसपास एक गोल आणि त्या गोलालाच फुटलेले पाय, पोट नाही छाती नाही, तरी तो माणूसच. सातच्या आसपास कागदाच्या तळाला जमिनीची एक रेघ येते आणि झाड, घर, बस सगळं त्या रेघेवर उभं राहतं. आणि नऊ-दहाच्या पुढं मूल आपणहून म्हणायला लागतं की हे खऱ्यासारखं दिसत नाही. ही वयं घड्याळ लावून बघायची नसतात, पोरं मागंपुढं होतात, खरं तुझं पोरगं सातव्या वर्षीच "मला येत नाही" वर आलंय ते जरा लवकरच आहे, आणि तू लिहिलंयस त्यावरून हे दर शनिवारी खोडून घेऊन घेऊन आलंय असंच मला वाटतं.

आमच्या भागातल्या पोरांचं आणखी एक असतं. शाळेत कन्नड, घरात मराठी, पुस्तकात इंग्लिश, तीन-तीन भाषांत त्यांना दिवसभर बरोबर-चूक ऐकावं लागतं. कागदावर तरी त्यांना सूट द्यावी असं मला नेहमी वाटत आलंय.

तर पहिलं काम, रबर लपव. हरवलं म्हण, उंदरानं नेलं म्हण, काहीही सांग. पेन्सिल पण थोडे दिवस कपाटात जाऊ दे. जे खोडताच येत नाही ते त्याच्या हातात दे, म्हंजे मेणाचे खडू, चुलीतला कोळसा, जाडा ब्रश. खडू मोडले तर ओरडू नको, उलट मोडलेलेच बरे, छोटा तुकडा मुठीत धरता येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो आणि त्यानं हाताची पकड सुधारते. कागद मोठा पाहिजे, चित्रकलेच्या वहीचं पान लहान पडतं. कॅलेंडरची मागची बाजू, लग्नपत्रिका, साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा, तरुण भारतची रद्दी सुद्धा चालते, छापलेल्या अक्षरांवरून ब्रश फिरवायला पोरांना मजा येते. टेबलखुर्ची नको, फरशीवर पसर, पालथं पडून काढू दे, त्या वयात चित्र खांद्यापासून काढायचं असतं, नुसत्या मनगटातून नाही.

भिंतीचं म्हणशील तर मागच्या पडवीची किंवा न्हाणीघराच्या बाहेरची एक भिंत त्याला देऊन टाक. काव लावून घ्या, वर पांढऱ्या खडूनं काढू दे, ओल्या फडक्यानं पुसलं की परत मोकळी. हॉलची भिंत तुमची, ती भिंत त्याची, एवढं पोरांना व्यवस्थित कळतं.

आता "तू काढून दे" चं. हे सगळ्यात अवघड आहे, कारण त्या वेळी त्याचा चेहरा बघवत नाही आणि आपण काढून देतो. त्याच्या कागदावर तुझी एक रेघसुद्धा नको. त्याला बैल काढायचाय समज. पेन्सिल खाली ठेव आणि विचार, बैल बसलेला असतो तो उठतो कसा रे? त्याला सांगता येणार नाही, मोठ्या माणसांनाही पटकन येत नाही. मग दोघं गोठ्यात जा आणि थांबा. बैल उठताना आधी मागचा भाग वर घेतो, पुढचे गुडघे तसेच टेकलेले असतात, क्षणभर नमस्कार घातल्यासारखा दिसतो, मग पुढचे पाय सरळ करतो. घोडं उलटं, ते आधी पुढचे पाय टाकतं. हे बघून झालं की घरात येऊन दोघांनी बैल होऊन उठून दाखवायचं, गुडघे टेकून, ढुंगण वर करून, सासरे हसले तर हसू देत. आणि मग कागद द्यायचा. आजवर त्यानं बैलाला चार काठ्या लावल्या असतील, त्या दिवशी तो गुडघा काढेल. कदाचित तीनच पाय काढेल, एकाच बाजूला शिंगं काढेल, तरी गुडघा असेल, कारण तो त्याच्या स्वतःच्या गुडघ्याला लागलाय. कुत्रा, माकड, भाकरी थापणारी तू, बसमधे लटकलेला कंडक्टर, सगळ्याला हेच. आधी अंगानं करायचं, मग हातानं काढायचं.

बाकीचे खेळ तुला एकदा सुरू केलंस की आपोआप सुचतील, मी दोन-तीन सांगते. समोरासमोर बसा आणि एकमेकांचं तोंड काढा, अट एकच, कागदाकडं बघायचं नाही. नाक गालाच्या बाहेर जातं, डोळा कपाळावर जातो, हसून पोट दुखतं, आणि तिथं कोणालाच येत नसल्यामुळं कोणी हरत नाही. चुकण्याची भीती मोडायला ह्याच्यासारखं काही नाही, उजव्या हातानं काढणारं पोरगं असेल तर पुढच्या वेळी डाव्या हातानं काढा. दुसरं म्हंजे तू डोळे मिटून एक रेघ मार, कशीही, आणि त्याला दे, तो तिचं काहीतरी करेल, मग त्यानं मारलेल्या रेघेचं तू काहीतरी करायचं. तू बदक केलंस आणि तो कावळा म्हणाला तर कावळाच. लाईट गेली की मेणबत्तीसमोर तांब्या, खेळण्यातली गाडी, स्वतःचा हात धरून भिंतीवर कागद लावून सावल्या गिरवा, आणि लाईट आमच्याकडं जातेच, सामानाची अडचण येणार नाही.

आणि पाऊस. खानापूरच्या पावसात पोरं घरात अडकून पडतात, तेव्हा मोबाईल हातात जातो. त्याला म्हण की कौलांवर पाऊस कसा वाजतो तो काढ, आणि आता पत्र्यावर वाजतो तसा काढ. पाऊस दिसतो तसा नाही, वाजतो तसा. एक पोरगं टिंबं मारेल, दुसरं खडू आपटून आपटून कागदाला भोकं पाडेल, तेही उत्तरच आहे. दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, खाली नदी, एक झोपडी आणि एक नारळ हे चित्र त्याच्या क्लासमधे एव्हाना झालंच असणार. त्याला मी नावं ठेवणार नाही, पोरांना ते हमखास जमतं आणि जमलेलं पोरांना आवडतं. खरं तुझ्या घरापासून सह्याद्री कितीसा लांब आहे गं? जांबोटी-कणकुंबीकडं पावसात डोंगर दिसतच नाहीत, नुसतं पांढरं असतं. आणि नदी म्हणजे त्याची नदी मलप्रभा, कणकुंबीला उगवते आणि आषाढात लाल गढूळ होऊन वाहते. चित्रातली नदी मात्र निळीच. "आपली नदी आत्ता कुठल्या रंगाची आहे?" एवढंच विचार, निळी चूक आहे म्हणू नको, आणि पुलावर नेऊन बघून या.

बोलायचं काय, हे पण सांगते, कारण तिथंच सगळे घसरतात. "काय आहे हे?" नको, त्याला वाटतं आईला ओळखू आलं नाही म्हंजे बिघडलंय. "वा छान, मस्त" पण सारखं नको, पोरं हुशार असतात, न बघता म्हटलेलं छान त्यांना लगेच कळतं आणि मग ती छान मिळवायला काढायला लागतात. जे दिसतंय ते म्हण. इथं तू फार जोर लावून रंगवलंयस. ह्याचे हात केवढे लांब आहेत, कुणाला धरायला निघालाय? ही सगळीजणं एका बाजूला आणि हा एकटा इकडं, काय झालं ह्यांचं? एवढं म्हणून गप्प बस. तो बोलला तर ऐक, नाही बोलला तर तुझं तू काढत राहा. चित्राची अर्धी गोष्ट पोरं काढता काढता तोंडानं सांगत असतात, ती ऐकायला कोणी असलं तर चित्र लांबतं, नाहीतर दोन मिनिटांत "झालं" म्हणून पळतात. चित्र भिंतीला लावायचं तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लाव, मागं तारीख घाल. आणि व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायच्या आधी त्याला विचार, नको म्हणाला तर नको.

रंग विकत आणायच्या आधी एक रविवार स्वयंपाकघरात घालवा. हळद पाण्यात कालवून कागदभर लावायची, वाळू द्यायची, मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं तिच्यावर काढायचं. जिथं ब्रश फिरेल तिथं पिवळ्याचं लालसर तपकिरी होतं, साडीवरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर होतो ना तसंच. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की निळं पाणी मिळतं, कागदाला लावून वर लिंबाच्या रसानं काढलं की जांभळं-गुलाबी उमटतं. तुझं पोरगं ओरडेल बघ. कोळसा वरवंट्यानं बारीक करायचा, काव बाजारातून दहा-वीस रुपयांची आणायची, बाभळीचा डिंक रात्री भिजत घालून त्या पाण्यात कालवलं की रंग कागदाला धरून राहतो, दुकानातल्या वॉटरकलरमधेही शेवटी डिंकच असतो. बीट, पालक, चहाचं पाणी, जे सापडेल ते. भेंडी आडवी कापून ठसे मारा. चुना मात्र पोराच्या हातात देऊ नको, डोळ्यात गेला तर वाईट. आणि हळदीचा रंग उन्हात उडतो हे आधीच सांगून ठेव, नाहीतर पंधरा दिवसांनी रडारड. ह्या सगळ्या उद्योगात एक होतं, स्वतः केलेल्या रंगाला बरोबर-चूक नसतं, झाडाला हिरवाच पाहिजे हे त्याच्या लक्षातच राहत नाही, कारण हिरवा अजून तयारच झालेला नसतो.

माती तर तुमच्याकडचीच. खानापूरची मडकी आणि कौलं सगळ्या भागाला माहीत आहेत, कुंभाराकडून गोळाभर माती आण, पाण्याची वाटी दे आणि पाट दे. ज्येष्ठी अमावस्येला, आपल्याकडं मण्णेत्तिन अमावस्या म्हणतात त्या दिवशी, मातीचे बैल करतात ते हल्ली बाजारातून तयार आणतात, यंदा घरी करा, कान पडले तर पडू देत. सणाचं काम असलं की पोराला ते ड्रॉइंग वाटत नाही, घरातलं काम वाटतं आणि तो त्यात मन घालतो. दिवाळीतल्या किल्ल्याचं पण तसंच. बेळगाव भागातली पोरं किल्ल्यासाठी काय जीव टाकतात हे तुला सांगायला नको. माती आणायच्या आधी त्याला कागद दे, म्हण आपला किल्ला कसा असणार ते दाखव, दरवाजा कुठं, पाण्याचं टाकं कुठं, वर चढायची वाट कुठून. येळ्ळूरचा राजहंसगड एकदा दाखवून आणलास तर फारच उत्तम. तो जे काढेल तो नकाशा असतो, चित्र काढतोय हे त्याला कळतसुद्धा नाही. किल्ल्यावर हळीव पेरल्यावर रोज किती वाढलं तेही काढत जाईल.

आता काळ्या रंगाचं आणि सासूबाईंचं.

शेजारणीचं मनावर घेऊ नको. एका रंगावरून कुणाला पोराचं मन वाचता येत नाही, आणि नुसतं चित्र बघून कोणी निदान सांगायला लागलं तर तिथून उठून यायचं. पोरं काळा का वापरतात ह्याला शंभर कारणं असतात, तो सगळ्यात ठसठशीत उठतो, सगळं झाकून टाकतो, डब्यात तोच लांब उरलेला असतो. रबरानं खोडून समाधान होत नाही म्हणून काळ्यानं झाकत असेल, हेही असू शकतं. किंवा तो आजीजवळ झोपायचा म्हणतेस, तर लाईट घालवल्यावर वाकळेच्या आत जो अंधार असतो तो काढत असेल, आणि तो त्याला भीतीचा नसून ऊबेचा असेल. हे मी म्हणतेय, तो असं म्हणालेला नाही, म्हणून तू पण ठरवू नको. एकदा शांतपणी विचार, ह्या काळ्यात काय आहे रे? "काही नाही" म्हणाला तर काही नाही, परत परत खोदू नको. काळा खडू लपवू तर अजिबात नको.

मला तुझ्या पत्रात दुसरंच जाणवलं. घरात कोणी गेलं की आपण पोरांसमोर त्यांचं नाव काढणं बंद करतो, पोराला त्रास होईल म्हणून, आणि पोरगं समजतं की हिच्याबद्दल बोलायचंच नसतं. तुमच्याकडं तसं झालंय का बघ. आजींनी शिवलेली वाकळ असेलच घरात. ती एका दुपारी जमिनीवर पसर आणि दोघं तिच्यावर बसा. हा तुकडा आजीच्या कुठल्या लुगड्याचा, हा कुणाच्या शर्टाचा, हा बाबाच्या लहानपणीच्या चड्डीचा का, तुला जेवढं माहीत आहे तेवढं सांग. मग एका मोठ्या कागदावर वाकळेसारखी चौकटी चौकटी पाडा, तू पण पाड, आणि एकेका चौकटीत आजीचं एकेक. पान कुटायचा खलबत्ता, चष्मा, दारातली रांगोळी, तिची शिवी सुद्धा चालेल, शिवी कशी काढायची ते त्याला ठरवू दे. एका दिवसात भरू नका, कोपऱ्यात ठेवा, आठवलं की एक चौकट. काही चौकटी तो काळ्या करेल. करू दे, वाकळेत काळे तुकडे असतातच. तुला रडू आलं तर येऊ दे, त्याच्यासमोर आलं तरी हरकत नाही, आई पण आजीला आठवते एवढंच त्याला कळेल.

काळजी कधी करायची तेही सांगते. झोप उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, मित्रांबरोबर खेळायला जाणंच सोडलं असेल, शाळेच्या वेळी रोज पोट दुखत असेल, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर पोरांच्या डॉक्टरांना दाखव. सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, 14416, फोन फुकट आहे, तिथं आधी बोललीस तरी चालेल. हे सगळं नसेल, पोरगं खेळतंय, खातंय, भांडतंय आणि चित्र काळं करतंय एवढंच असेल तर त्याला वेळ दे.

सासऱ्यांशी वाद घालत बसू नको. घालायचाच झाला तर बेळगावच्याच चित्रकारांची नावं आहेत, के. बी. कुलकर्णी सरांनी इथं चित्रमंदिर चालवलं, रवी परांजपे 1935 साली बेळगावातच जन्मले, त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढं देशभर नाव केलं. खरं ह्यानं सासऱ्यांचं समाधान होणार नाही, आणि सात वर्षांच्या पोरानं पोटासाठी चित्र काढायचंही नसतं. त्यापेक्षा त्यांनाच कामाला लाव. बैलगाडीचं चाक कसं असतं हे घरात त्यांच्याइतकं कोणाला माहीत आहे? तुंबा कुठं, आरे किती, बाहेरची लोखंडी धाव कशी तापवून बसवायचे, जू कसं, शिवळा कुठं. त्यांनी सांगायचं आणि पोरानं काढायचं, आणि कुठं अडलं तर पोरानं आजोबांनाच विचारायचं. आजोबा म्हणतील आरे एवढे नसतात रे, तर चालेल, ते दोघांच्या बोलण्यातलं आहे, कागदावर हात घालून खोडणं वेगळं. आरे मोजताना गणित पण होतंय असं हळूच म्हण. त्यांची बायको गेलीय गं, पोराची आजी गेली तशी. दोघांना एकमेकांचं काहीतरी पाहिजेच आहे.

दुसरीत गणिताची ट्यूशन मात्र नको. ते तू त्यांना माझ्या नावावर सांगितलंस तरी चालेल.

क्लासचं आता. एकदा त्याच्याबरोबर जाऊन मागं बस आणि भिंतीवर लावलेली चित्रं बघ. वीस पोरांची वीस चित्रं सारखी असतील तर तिथून काढ, कितीही नाव असू दे क्लासचं. वेगवेगळी असतील तर सरांशी बोल, रागानं नको, सरळ सांग की त्याच्या कागदावर हात लावू नका, चुकलं तर चुकू दे. बरेच सर ऐकतात, त्यांनाही पालकांनीच सांगितलेलं असतं की चित्र सुबक घरी आलं पाहिजे. न ऐकणारे असतील तर महिन्याची फी भरलीय म्हणून पाठवत राहू नको. शनिवारचा बेळगावचा एसटीचा खर्च वाचेल त्यात रंगाचा मोठा डबा येतो.

लोअर ग्रेड, हायर ग्रेड ह्या परीक्षा वाईट नाहीत, पलीकडं महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएट असतात तशाच आपल्याकडच्या, त्यानं हात तयार होतो, नजर तयार होते. खरं ती हायस्कूलच्या वयातली गोष्ट आहे. दहा-अकराचा झाला की तो स्वतः विचारेल, रस्ता लांब गेलेला कसा दाखवायचा, गोल वस्तू गोल कशी दिसेल, सावली कुठं मारायची. तेव्हा त्याला शिकवणारा चांगला माणूस शोध आणि भरपूर शिकू दे, तेव्हा कंटाळा न करता रेघ बरोबर कर म्हणायचं. मी शिकवण्याच्या विरोधात नाहीये, आयुष्यभर तेच केलंय. विचारायच्या आधी दिलेलं उत्तर पोराला चिकटत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

मोबाईल एकदम बंद करू नको, भांडण होईल आणि चित्र बाजूला राहील. तो बघून कार्टून काढतोय तर काढू दे, फक्त झाल्यावर म्हण की आता ह्याला आपल्या गावात आण. आठवड्याच्या बाजारात ह्याला कोण भेटेल, बसला गर्दी असेल तर हा कुठं बसेल, पावसात ह्याला छत्री कुणाची? कार्टून बघून काढलेलं असतं, बस मात्र त्याला स्वतःच्या डोक्यातून काढावी लागते, आणि बसमधे बसलेली माणसं पण.